नावाचा कोपरा

वारलूभाऊ गुरनुले बढाई मारायला बसला की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा, पण माणूस काही जागचा उठायचा नाही. बोलणंच तसं होतं त्याचं. आणि त्या दिवशी तर त्याच्याकडे बढाईला खरंखुरं कारण होतं. सावली गावच्या बसस्टँडवर, लच्छूच्या टपरीपुढे तो सकाळीच येऊन बसला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून घातलेला काळा चष्मा. शहरातल्या संग्रहालयातून रीता मॅडम यायच्या होत्या. कशाला? तर वारलूभाऊचे पडदे पाहायला आणि कायमचे घेऊन जायला.

"संग्रालय म्हनजे समजते का रे तुले?" त्याने लच्छूला विचारलं.

"जुने मडके ठेवतेत तिथी."

"मडके नाई रे बाप्पा! झाडीपट्टीच्या नाटकायचं सारं सामान ठेवून राह्यले ते लोकं. पेट्या, मुकुट, तलवारी. पन मॅडम फोनवर म्हने, भाऊ, तुमच्या परद्यांशिवाय त्याले शोभा नाई."

मॅडम असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या इतकंच म्हणाल्या होत्या की पडदे पाहिजेत. पण वारलूभाऊच्या तोंडून निघालेली गोष्ट थोडी रंग लावूनच निघायची, त्याला तो तरी काय करणार! धंदाच रंगाचा.

धान कापून झालं की या भागात नाटकं सुरू होतात. कुठे मंडईची जत्रा, कुठे शंकरपटाच्या बैलशर्यती, आणि जिथे जत्रा तिथे नाटक. नट वडशाहून गाडीत बसून येत, पण त्यांच्या मागचा महाल, रस्ता, झोपडी, बगीचा आणि जंगल ही सगळी दुनिया वारलूभाऊच्या हातची. त्याच्या जंगलाचं तर काय सांगावं! मोह, सागवान, येन ही झाडं पानापानांनी ओळखू यायची. एकदा पुढच्या रांगेत बसलेला एक फॉरेस्ट गार्ड मध्येच उभा राहून विचारता झाला, "भाऊ, हे कोनत्या बीटातलं जंगल होय?" ही गोष्ट वारलूभाऊने किती वेळा सांगितली असेल देव जाणे. लच्छूला पाठ होती.

पुढे फ्लेक्स आला. मशीनमधून महाल निघायला लागले, त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर. वारलूभाऊच्या ब्रशाला काम उरलं नाही. उरले ते फक्त पाच पडदे, घरी माळ्यावर घडी घालून ठेवलेले. बाकी सगळे कोणाच्या मांडवाला लागले, कोणाच्या धानाच्या ढिगावर फाटले. हे पाच तेवढे संग्रहालयात गेले तर वारलू नावाचा कोणी पेंटर होऊन गेला हे राहील, नाहीतर गेलं सगळं पाण्यात. काळ्या चष्म्याआड म्हाताऱ्याला रोज याच एका गोष्टीचा घोर लागला होता.

पाण्यात हा शब्द उगीच नाही वापरला. पडदा म्हणजे मांजरपाटाचं जाड कापड, आणि त्यावर सरसात कालवलेला पावडरचा रंग. पाणी लागलं की तो सुटतो. कापड महाग, म्हणून दरवर्षी तेच कापड धुवायचं आणि त्यावर नवं चित्र काढायचं. पोळा झाला की वारलूभाऊची बायको रुखमाबाई चार जणी सोबत घेऊन सारे पडदे गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर नेई, सोड्यात भिजवी, दगडावर आपटी. मग नाटक कंपनीचे मालक यायचे पडदे पाहायला. ते पांढरं कापड उन्हात धरायचे, भोकं पाहायचे, आणि मगच सौदा करायचे. दरवर्षीचे महाल नि बगीचे असे बोडीच्या गाळात जाऊन बसले.

फक्त एक गोष्ट कधी गेली नाही. प्रत्येक पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरात लिहिलेलं असे, 'वारलू पेंटर'. कितीही धुवा, ते नाव जसंच्या तसं. नवं चित्र त्याच्याभोवती चढे.

"त्या लालात मी बेलफळाचा चीक टाकलो होतो," तो लच्छूला सांगत होता, "आन आनखी एक जिन्नस. ते नाई सांगनार. मालक लोक पाय धरत, भाऊ, साऱ्या परद्यालेच तो रंग द्या ना. मी म्हनो, सारं पक्कं केलं त उद्याले पोट कशाले भरन माझं?"

तेवढ्यात जीप आली. रीता उतरली, आणि म्हाताऱ्याला नमस्कार करून तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच, "भाऊ, फोनवर म्हटलं होतं ते लक्षात आहे ना? पडदे जसे आहेत तसेच पाहिजेत. धूळसुद्धा झटकायची नाही. ती आम्ही काढू."

"हात नाई लावला मॅडम! कसम घ्या."

आणि खरंच, त्याने हात लावला नव्हता. रुखमाबाईला त्याने एवढंच सांगितलं होतं की मॅडम परदे पाहायला येणार आहे. धूळ झटकू नको वगैरे काही सांगायचं राहूनच गेलं. घरच्या बाईला पडद्यांबद्दल काही सांगावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

जीप बोडीजवळच्या वळणावर आली तेव्हा वारलूभाऊ बोलता बोलता थांबला.

येनाच्या दोन झाडांना दोर बांधला होता. त्यावर पाच पडदे वाळत होते. पांढरे. महाल नाही, रस्ता नाही, मोह नाही, सागवान नाही. खाली दगडावर रुखमाबाई पदर खोचून बसली होती, आणि तिच्यासोबतची सुकरी सोड्याची पाटी विसळत होती. दोघी जीप पाहून हसल्या.

"आले का?" रुखमाबाई उठत म्हणाली. "बसा, बसा मॅडम. बगीच्याचा थोडा ओला हाय अजून. पाहा कसे निंगाले! एक भोक नाई."

 वारलूभाऊच्या तोंडून आवाज फुटला तो असा की बोडीतले बगळे उडाले.

"काय केलं हे? सत्यानाश केलीस ना माझा! कोनं सांगतलं होतं धुवाले?"

"कोनं सांगाव? पोळा झाला, मॅडम परदे पाहाले येते म्हनले तुमी. परदे पाहाले येनाऱ्यापुढं मंग घानेरडे टाकाव काय? दरवर्षी काय करतो आपन?"

"अवं, याइले चित्र पाह्यजे होतं! कापड नाई!"

"मंग चित्र काढा ना. डोया त झाला तुमचा बरा. दोन महिन्यापासून कोन म्हनून राह्यलं होतं, रंग लावाव वाटते म्हनून?"

 तो खाली दगडावर बसला. तिला रागवायचं तर तिचा काय गुन्हा, आणि स्वतःला रागवायचं तर तेवढं बळ अंगात उरलं नव्हतं. रुखमाबाईचा चेहरा आता उतरला होता. सोड्याने फाटलेले हात तिने पदरात लपवले. काहीतरी भलतंच झालं हे तिला कळलं, आणि सुकरी हळूच पाटी उचलून घराकडे गेली.

 रीताने एक शब्द वाकडा काढला नाही. ती पडद्यापाशी गेली आणि कापड दोन बोटांत धरून वास घेतला. "खालचा पिवळा थोडा आहे अजून, भाऊ. हा कोणता पडदा?"

"जंगलाचा," वारलूभाऊ मान न उचलता म्हणाला. "आता काय त्याचं!"

"आणि हे नाव कसं राहिलं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. खरंच की! पाचही पडद्यांच्या कोपऱ्यात लाल अक्षरं लख्ख होती. बुडालेल्या माणसाला काठ लागावा तसा तो उठला. "ते जानारच नाई! माझी खास जिन्नस हाय ते. बेलफळाचा चीक. चित्र गेलं त जाऊ द्या, हे नाव घेऊन जा मॅडम. मशीनवाल्यायले दाखवा, पक्का रंग कसा राह्यते त."

"बघू का? आम्हाला रंग तपासावाच लागतो."

"पाहा ना! घासा पायजे तेवढं."

रीताने पिशवीतून कापूस काढला, एक थेंब पाणी लावलं आणि शेवटच्या अक्षराच्या अगदी कडेला हलकेच टेकवला. नुसता टेकवला, घासलाही नाही. उचलला तेव्हा कापूस लाल होता.

वारलूभाऊने चष्मा काढला. कापूस हातात घेतला. पुन्हा नावाकडे पाहिलं. लाल पाणी कापडावर एवढंसं उतरलं होतं. तोच सरस, तोच बाजारचा पावडर रंग. चीक नि जिन्नस, सगळ्या हवेतल्या गप्पा.

"हे त... हे त जाऊन राह्यलं," तो पुटपुटला. "मंग इतके वर्ष कसं नाई गेलं?"

 रीता रुखमाबाईकडे पाहत होती. मग वारलूभाऊनेही तिकडे पाहिलं. दगडापाशी पळसाची पाच पानं पडली होती, दोन दोन ठिकाणी दुमडलेली, सुतळीचे तुकडे अजून अडकलेले.

"अवं," तो म्हणाला, "हे काय होय?"

"पानं होत," ती म्हणाली. "कोपऱ्याले बांधतो ना मी. मंग तो कोपरा हातात वर धरून ठेवाचा, बाकीचं बायका आपटते. डाव्या हाताले कळ लागते, पन होते."

"दरवर्षी?"

"मंग! एकदा संग धुनाऱ्या सोमारीच्या हातून सुटत होता, त मी बोडीत उतरली छातीभर पान्यात. तुमाले नाई सांगतलं."

"अवं पन काऊन? मले म्हनाचं होतं, मी नवं नाव लिवलो असतो. दोन मिनिटाचं काम."

रुखमाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की एवढं साधं या माणसाला कळू नये म्हणजे काय! "तुमचं नाव मी तोंडानं घेत नाई," ती म्हणाली. "मंग पान्यात कशी सोडीन?"

वारलूभाऊ त्या पानांकडे पाहत राहिला. आयुष्यभर गावोगाव मिरवलेली बढाई पाच पानांपुढे संपली होती, आणि नवल म्हणजे त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. रडू मात्र आलं. त्याने ते लपवलंही नाही. नवा डोळा जपायचा म्हणून डॉक्टरने रडायला मनाई केली आहे, असं काहीतरी तो रीताला सांगत होता आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होता.

"भाऊ," रीता थोड्या वेळाने म्हणाली, "चार पडदे ठेवा. तुम्ही ते रंगवायला घ्या, मी कॅमेरा घेऊन येते. सरस शिजवण्यापासून सगळं पाहिजे मला. पण जंगलाचा हा मी आजच नेते. असाच."

"असाच? पांढरा? लोक हासतीन ना मॅडम! म्हनतीन, याच्यात जंगल कुठी हाय?"

"मी सांगेन ना त्यांना."

"काय सांगसान?"

"हेच. आता झालं ते."

 तो स्वतःच दोरावरून जंगलाचा पडदा काढायला लागला. एक टोक त्याच्या हातात, दुसरं रुखमाबाईच्या. एवढ्या वर्षांत पडद्याची घडी दोघांनी मिळून घालायची ही पहिलीच वेळ होती. त्याचा अंदाज दोनदा चुकला आणि ती दोनदा हसली.

"आधी काय सुटे वं यातलं?" त्याने घडी घालता घालता विचारलं. "धुतानी?"

"पांढरं. पानायवरचं ऊन तुमी शेवटी काढत, ते आधी जाय. मंग पानं. मंग बुंधे. पिवळी माती काही सुटे नाई." ती थांबली. "मोहाचे फुलं जात तवा मले कसंसंच होय. पन काम होतं ना ते."

"बरं. मंग रंगवतानी उलट्या बाजूनं सांगत जाजो मले. मी विसरलो बरंच."

पडदा जीपमध्ये ठेवला. ड्रायव्हरने गाडी चालू केली तशी रुखमाबाई दगडाकडे धावली आणि एक ताजं पळसाचं पान नि सुतळी घेऊन परत आली. घडीतून तो कोपरा बरोबर शोधून काढला, पान दुमडून बांधलं, गाठ दातांनी आवळली. मग खिडकीतून आत वाकून रीताला म्हणाली,

"पोरी, रस्त्यानं पानी येईन त बाकीचं भिजलं त भिजू देजो. हा कोपरा तेवढा हातात धरजो."

रीताने कोपरा हातात घेतला. जीप वळणापलीकडे जाईपर्यंत दोघं उभे होते. मग वारलूभाऊने बायकोचा डावा हात आपल्या हातात घेतला, आणि गावातले लोक पाहत असतानाही घरापर्यंत सोडला नाही.