वाडग्यात कुस्करलेली अफवा

मी एक जुना फळा आहे, आणि मित्रांनो, फळ्याचं दुर्दैव असं की स्वतःच्या अंगावर काय लिहिलं आहे ते त्याला कधीच दिसत नाही. मला कळतो तो फक्त खडू. रागानं लिहिणाऱ्याचा खडू मोडतो, घाईनं लिहिणाऱ्याचा टोचतो, आणि गंमत लिहिणारा हात शेवटच्या शब्दापाशी जरासा थांबतो. मजकूर मी लोकांच्या तोंडून ऐकतो. तो जमला की फसला, ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचतो.

जन्मानं मी फळा नव्हेच. ट्यूनिशियातल्या बिझर्तच्या जुन्या बंदरात एक मासेमारीची बोट होती, तिच्या केबिनचं मी दार. बोट मोडीत निघाली तेव्हा बंदरावरच्या सुतारानं मला सोडवलं, रंधा मारला, काळा रंग दिला आणि लबलाबीवाल्या तय्येबकाकांना विकलं. कडीच्या जागी एक भोक तेवढं राहिलं. समुद्रावरून वारा सुटला की त्यातून अजूनही शिट्टी वाजते आणि रस्त्यावरच्या मुली उगाच मागे वळून पाहतात.

काकांना मी पदार्थांची यादी लिहायला हवा होतो. अडचण एवढीच होती, की त्यांच्या दुकानात पदार्थ एकच होता. 'लबलाबी' एवढं लिहून झालं आणि काका खडू हातात घेऊन उभे राहिले. माझं सगळं अंग रिकामं होतं. आतून त्यांची थोरली बहीण लत्तीफा ओरडली, "अरे, एवढं मोठं दार घेतलंस, आता त्यावर काय, आपल्या खानदानाचा इतिहास लिहिणार?"

काकांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. टपाल वाटायला निघालेला रिदा सायकल टेकवून उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "लबलाबी आहे. कालही होती. मंत्री मात्र कालचे नाहीत."

गल्ली हसली. त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

लबलाबी खायची आमच्याकडे एक रीत आहे. गिऱ्हाइकाला आधी रिकामं वाडगं मिळतं आणि शिळा पाव. पाव ज्याचा त्यानं कुस्करायचा. तिथे मालक हात लावत नाही. तो नीट बारीक झाला की त्यावर वाफाळते छोले आणि रस्सा पडतो, मग जिरं, लाल मिरचीचं वाटण, ऑलिव्हचं तेल आणि अर्धकच्चं अंडं. तर पाव कुस्करताना माणसाचे हात कामात असतात आणि डोळे रिकामे. त्या रिकाम्या डोळ्यांसमोर मी होतो.

फार पूर्वी, राष्ट्राध्यक्षसाहेबांची तसबीर प्रत्येक दुकानात टांगलेली असायची त्या काळात, ती पहिली ओळ सोडली तर काका माझ्यावर फक्त हवामान लिहीत. "वारा कालचाच. उद्याही तोच. बदलाची शक्यता नाही." लोक खाली मान घालून पाव कुस्करत, आणि त्यांचे खांदे हलत. पुढे तसबीर उतरली, भिंतीवर तिचा फिका चौकोन राहिला आणि काकांना हवामानाची गरज उरली नाही. साखर मिळेनाशी झाली, कॉफी मिळेनाशी झाली, निवडणुका आल्या आणि गेल्या. एकदा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी रिदानं वाचलं, "मतदान केंद्रं ओस होती. पुढच्या वेळी मतपेटी साखरेच्या दुकानात ठेवावी, रांग आयती मिळेल." एक म्हातारा कोळी इतका हसला, की त्याच्या वाडग्यातलं अंडं फुटलं आणि काकांनी त्याला दुसरं दिलं.

आमच्या वस्तीचे उम्दा, म्हणजे सरकारनं नेमलेले गल्लीपुरते अधिकारी, सी फत्ही रोज सकाळी येत. दाखल्यावर शिक्का त्यांचा, आणि पाणी गेलं की शिव्याही त्यांनाच. ते माझ्यासमोर पोटावर हात ठेवून उभे राहत.

"तय्येब, आज पुन्हा माझ्यावर लिहिलंस."

"नाव कुठंय तुमचं, उम्देसाहेब?"

"नाव नाही. पण पोट माझंच आहे."

"आता पोट तुम्हीच ओळखलंत. मी तर कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं. बसा, पाव घ्या."

आणि उम्देसाहेब बसत, पाव घेत, आणि मनातला राग पावावर काढत. त्यांच्याइतका बारीक पाव गल्लीत कुणाचाच होत नसे.

आता काकांच्या मुलीबद्दल सांगतो. एम्ना राजधानीत, ट्यूनिसला असते. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं छापण्याआधी वाचायची आणि त्यातलं जास्तीचं काढून टाकायचं, हे तिचं काम. काका रोज सकाळी मजकूर लिहून झाला की तिला फोन लावत आणि वाचून दाखवत. पलीकडून ती काय म्हणे ते मला ऐकू येत नसे. पण काका फोन कानाला धरूनच माझ्याजवळ येत, अंगठा जिभेला लावत आणि एखादा शब्द पुसून टाकत. "बरं बाई, हाही काढला. उद्या काय, कोरा फळा लावू?" असं म्हणत आणि खूश होत. त्यामुळे एम्ना मला आवाजानं किंवा चेहऱ्यानं ठाऊक होण्याआधी अंगठ्याच्या डागानं ठाऊक होती. प्रत्येक ओळीत कुठेतरी एक पुसट, ओलसर जागा असे. तिथे ती होती.

मग वसंतात पावाची टंचाई झाली. बेकऱ्यांसमोर रांगा लागल्या, आणि रेडिओवर कुणीतरी सांगितलं की टंचाई वगैरे काही नाही. लबलाबीच्या दुकानात पाव नसणं म्हणजे बंदरात पाणी नसणं. त्या सकाळी काका बराच वेळ माझ्यासमोर उभे होते. मग लिहिलं, फोन लावला, एक शब्द पुसला. रिदानं वाचलं, "बेकरीत पाव नाही. सरकार म्हणतं, ही अफवा आहे. आज वाडग्यात अफवा कुस्करा."

दिवसभर लोक आत येऊन म्हणत होते, "काका, एक अफवा द्या, जरा शिळी असली तरी चालेल." काका इतके खुशीत मी क्वचित पाहिले होते. दुपारी भांडी आवरून झाल्यावर ते माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकले. लत्तीफाआत्या त्यांच्यासाठी चहा घेऊन आली, तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतर मला कुणी पुसलं नाही.

दुकान चार दिवसांत उघडलं, कारण आत्या म्हणाली की छोले भिजत घातले नाहीत तर मी वेडी होईन. पण खडूला कुणी हात लावला नाही. आत्या मला सकाळी बाहेर ठेवी आणि संध्याकाळी आत घेई, दोन्ही कडांना धरून, अंड्यांचं ताट उचलावं तसं. पाव परत आला. एक मंत्री गेला, दुसरा आला, तोही जायच्या बेतात होता. लोक वाडग्यावर वाकून गप्प पाव कुस्करत आणि माझ्यावरची तीच ओळ पुन्हा पुन्हा बघत. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की फळ्याला यात सन्मान वाटला असेल. मला फक्त खाज सुटत होती.

एम्ना वडिलांच्या अंत्यविधीला आली ती चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत राहिली. ती रोज माझ्यासमोर येऊन उभी राही, पण तिची नजर अक्षरांवर नसे. ती असे त्या ओळीतल्या पुसट डागावर. एके दिवशी तिनं काचवाल्याला बोलावलं. त्यानं माझी मापं घेतली.

"वरून काच बसवा," ती म्हणाली. "अक्षरांना धक्का न लावता. मग हा ट्यूनिसला माझ्या घरी न्यायचाय."

"घरात?" आत्या दारातून म्हणाली. "आणि इथे मी काय लावू, माझं तोंड?"

"दुसरा फळा आणू, आत्या."

"फळा आणशील गं. त्यावर लिहिणारा कुठून आणशील?"

तेवढ्यात उम्देसाहेब आले आणि टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले.

"पोरी, तुझ्या दुःखात मी बोलू नये. पण इतके दिवस झाले, मला कुणी काही म्हटलेलं नाही. काल बायको विचारत होती, तुमची नोकरी गेली का म्हणून."

एम्नाच्या ओठांचा कोपरा हलला, पण तेवढाच.

चाळिसाव्याचं जेवण झालं, आणि दुसऱ्या सकाळी ती निघाली. काचवाला त्याच आठवड्यात येणार होता. तिनं आत्याला मिठी मारली, बॅग उचलली आणि पुलापलीकडच्या ट्यूनिसच्या रस्त्याला नेणारी शेअर टॅक्सी गाठायला गेली. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी टाकतात, म्हणजे तो माणूस सुखरूप परत येतो. आत्याच्या मनात तिनं परत यावं असं फारच असावं, कारण तिनं तांब्या नव्हे, छोल्यांचं घमेलं भरून आणलं. ती दारात आली, दोन्ही हातांनी ते मागे नेलं, आणि नेमके त्याच क्षणी गल्लीच्या वळणावरून उम्देसाहेब आले. सरकारी माणसाला भिजवायचं नाही म्हणून आत्यानं हात वळवले.

सगळं पाणी माझ्यावर आलं.

माझ्या अंगावरून खडू पांढरा ओघळ होऊन खाली उतरत होता आणि चौकटीवरून टपटपत होता. शेवटी उम्देसाहेब हळू म्हणाले, "आत्या, मला भिजवलं असतंत तर बरं झालं असतं."

आत्या घमेलं धरून उंबऱ्यावर बसली. "चाळीस दिवस सांभाळला," ती म्हणाली. "आणि मीच पुसलं माझ्या भावाला."

आता आमच्या पुलाचं सांगायला हवं. जहाज आलं की तो उचलला जातो आणि अर्धं गाव एका काठावर अडकून पडतं. त्या सकाळी मालाचं एक जहाज आलं, टॅक्सी अलीकडेच थांबली, आणि थांबल्यावर खिशात हात घातला तर एम्नाला दुकानाची किल्ली सापडली. ती किल्ली द्यायला चालत परत आली. पाणी अजून वाळलंही नव्हतं. त्यानं आपलं काम केलं होतं.

तिनं आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जवळ येऊन तिनं ओल्या लाकडावर बोट ठेवलं, बरोबर जिथे तो डाग होता तिथे. तिचं बोट थंड होतं. डाग गेला होता.

"काय राहिलंय?" तिनं मागे न वळता विचारलं. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. डोळे भरले होते.

टपाल घेऊन आलेल्या रिदानं पाण्यातून बचावलेल्या वरच्या दोन ओळी वाचल्या. "बेकरीत पाव नाही. सरकार म्हणतं, ही अफवा आहे."

"पण हे खरं नाही," उम्देसाहेब सवयीनं म्हणून गेले. "पाव आलाय. महिना होत आला. ही चुकीची माहिती आहे." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. "माफ कर, पोरी. तोंडात बसलंय."

एम्ना हसली. आधी नाकातून, मग खांद्यातून, आणि मग सरळ भिंतीला टेकून, डोळे पुसत. आत्यानं घाबरून तिच्याकडे पाहिलं आणि तीही हसायला लागली.

"उम्देसाहेबांचं बरोबर आहे," एम्ना म्हणाली. "बाबांच्या फळ्यावर चुकीची बातमी आहे. हे त्यांनी चालवून घेतलं नसतं. आत्या, फडकं दे."

मित्रांनो, ते फडकं माझ्यावरून फिरलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. महिनाभर न धुतलेल्या तोंडावरून कुणी मायेनं ओला हात फिरवावा, तसं काहीसं.

मग खडू आला. नवा हात होता. बारीक, दाब कमी. पण शेवटच्या शब्दापाशी तो जरासा थांबला, आणि मी ओळखलं.

ओल्या फळ्यावरचा खडू लगेच दिसत नाही. लाकूड वाळतं तशी अक्षरं पांढरी होत वर येतात. सगळे उभे राहिले. वाडगी निवली तरी कुणी हललं नाही. कडीच्या भोकातून वारा शिट्टी मारत होता आणि मला वाळवत होता. रिदा पुढे सरकला, पण उम्देसाहेबांनी त्याला हातानं मागे सारलं. त्यांनी चष्मा लावला, आणि एकेक शब्द जसा उगवेल तसा मोठ्यानं वाचला:

"पाव परत आला. सरकार म्हणतं, तो कधी गेलाच नव्हता. माझ्या वडिलांबद्दल माझंही तेच म्हणणं आहे. सरकारशी आमचं हे पहिलंच एकमत."

उम्देसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, परत काढला, पुन्हा ठेवला. "हे वर कळवायला हवं," ते म्हणाले. "एकमत झालं म्हणून."

पूल खाली आला आणि एम्ना पुढच्या टॅक्सीनं गेली. पण आता रोज सकाळी दुकानातला फोन वाजतो. फोन उचलते आत्या, आणि लिहितात उम्देसाहेब. अक्षर त्यांचं सुंदर आहे, आणि दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो वाढवून लिहील अशी त्यांना भीती आहे. परवा ते मध्येच थांबले.

"हे मी लिहिणार नाही. हे माझ्यावर आहे."

"नाव कुठंय तुमचं?" आत्यानं आमच्यापुढे धरलेल्या फोनमधून एम्ना म्हणाली.

उम्देसाहेबांनी उसासा टाकून लिहिलं. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "एक शब्द जास्त झालाय." त्यांनी अंगठा जिभेला लावला. अंगठा जाड आहे, चांगला राठ आहे, पण डाग पडला तो अगदी पूर्वीसारखा.

काचवाला ठरल्याप्रमाणे काच घेऊन आलाच. ती आत्यानं दुकानाच्या खिडकीला बसवली, कारण मापं फुकट का घालवायची.

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या घरी किंवा गल्लीत असेल, तर त्याची काळजी घेणं फार सोपं आहे. संध्याकाळी त्याला आत घ्या, समुद्राचा खारा वारा लाकडाला वाईट. कधीमधी काळा रंग द्या. पण त्याच्यावर काच बसवू नका. आवडता हात गेला म्हणून त्याची शेवटची ओळ जपून त्याला मुका करू नका. रोज ओल्या फडक्यानं पुसा, आणि दुसऱ्या सकाळी कुणाच्या तरी हाती खडू द्या.

आज काय लिहिलं आहे ते मला अजून कळलेलं नाही. आत्या आत तोंडाला ओढणी लावून हसते आहे आणि उम्देसाहेब उगाचच रागावलेले दिसतात, म्हणजे बरंच जमलेलं असावं. वळणावर रिदाची सायकल दिसते आहे. थोडं थांबा, तो येऊन वाचेल.