दगडी मासे आणि गळ्याची गाठ

ग्लारुसच्या खोऱ्यात फ्रेनी हेफ्टीनं उभा जन्म गुरांची डॉक्टरकी केली होती. अडलेल्या गाईपुढे जी डगमगली नाही, ती माणसांना काय भीक घालणार!

तिच्या घरी एका लाकडी पेटीत काश्पार हेफ्टीची पत्रं होती. तीनशे वर्षांपूर्वीचा हा तिचा पूर्वज खोऱ्याचा वैद्य होता. पाटीच्या दगडाच्या खाणीत दगड झालेले मासे सापडत, ते जमवण्याचा त्याला भारी नाद. त्या माशांपायी लायडन-लंडनचे पंडित त्याला पत्रं लिहीत, आणि दुखण्यापायी वरच्या वाड्यांवरची माणसं.

शहरातल्या संग्रहालयाचे डॉक्टर मार्कवाल्डर पेटी न्यायला आले. "तिकडे फोटो काढू, संगणकावर चढवू आणि परत आणून देऊ."

"माझ्या वडलांनाही हेच सांगितलं होतं. दोन गठ्ठे गेले ते गेलेच," फ्रेनी म्हणाली. "पत्रं उंबरा ओलांडणार नाहीत. कॅमेरा इकडे आणा."

कॅमेरा आला. जेवणाच्या टेबलावर दिवे लागले. मार्कवाल्डर सकाळपासून पत्रं निवडत बसले. फ्रेनीनं त्यांना हिरवं, उग्र वासाचं चीगर चीज लोण्यात कालवून पावावर लावून दिलं. ते त्यांनी नाक दाबून खाल्लं. दुपारी तिच्या लक्षात आलं, एका बाजूचा ढीग कॅमेऱ्याखाली जातच नव्हता.

"ही का नाही घेतलीत?"

"रोग्यांची पत्रं आहेत, फ्रेनीबाई. पोटदुखी, जंत, गलगंड. अभ्यासाच्या दृष्टीनं काही नाही त्यांत."

फ्रेनीनं वरचंच पत्र उचललं. आन्ना नावाच्या गुराखिणीनं ते पाद्र्याकडून लिहून घेतलं होतं. गळ्याची गाठ एवढी वाढलीय की चर्चमध्ये जायची लाज वाटते, औषध द्या, शरदात चीजचा गोळा पाठवीन.

"मेलेले मासे चालतात तुम्हाला, आणि ही बाई नाही?"

"नियम मी केलेले नाहीत. शिवाय फोटो फक्त नोंदणी केलेल्या अभ्यासकांनाच दिसतील. तेवढी सही करा इथे."

"म्हणजे माझ्याच घरातली पत्रं बघायला मी तुमची परवानगी काढू?"

"सही नसेल तर मला काम थांबवावं लागेल."

"मग उचला तुमचे दिवे."

"उद्या घराला आग लागली तर काय उरेल, विचार करा!"

मार्कवाल्डरांची गाडी वळणाआड गेली. आगीचं बोलणं फ्रेनीला लागलं होतं. माणूस खोटं बोलत नव्हता. पण म्हणून सही करायची? छट्! तिनं कोट चढवला आणि तडक बाबेटचं घर गाठलं.

बाबेट गुरांच्या प्रदर्शनासाठी गाईंचे फोटो काढायची.

"कागदांचे फोटो? अगं, मला शिंगं नीट दिसतील असे काढता येतात."

"गाय शेपटी हलवते, लाथ मारते. कागद गपगार पडून राहील."

"माझं काही चुकलं तर?"

"तर पुन्हा काढ. पेटी कुठे पळून जातेय!"

हिवाळाभर दोघी त्याच टेबलाशी खपल्या. पहिल्या आठवड्याचे फोटो धुरकट निघाले. बाबेटनं शिव्या देत सगळे पुन्हा काढले. मासे, जंत, गलगंड, पेटीत होते त्याच क्रमानं. शेजारीपाजारी यायचे, जुनं अक्षर लावता लावता भांडायचे. एका म्हाताऱ्यानं तर जुलाबाचं औषध वहीत उतरवून घेतलं. "हे घेतलंस तर मरशील," म्हणत फ्रेनीनं त्याच्या वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं. वसंतात सगळी पत्रं गावाच्या संकेतस्थळावर चढली. कुणीही पाहावीत, फुकट.

मग मार्कवाल्डरांचा फोन आला. "फोटो आमच्या दर्जाचे नाहीत, फ्रेनीबाई. राष्ट्रीय संग्रहात ते घेता येणार नाहीत."

"नका घेऊ."

"पण तुम्ही पुन्हा विचार केलात, तर निवडक पत्रं आम्ही—"

"निवडक नाही. सगळी, नाहीतर एकही नाही," फ्रेनी म्हणाली. "आणि बघायची असतील तर खुशाल बघा. नोंदणी लागत नाही."

तिनं फोन ठेवला. बाबेट पोट धरून हसत होती.