कायमचा पत्ता

राणीसावरगावात एका दारावर पितळी कुलूप. दिवाळीनंतर लागलेलं.

मेंढीचा डावा कान टोकाशी कातरला की ती मेंढी लेकीची.

"तरुणांच्या पावलांनी देश जवळ येतात." कॉलेजच्या फलकावर, पिवळ्या अक्षरांत.

लेनाची भाकरी गोल होत नाही. तव्यावर नकाशा पडतो. कासाबाई विचारते, "ह्यो कोणचा देश गं?"

रकाना अकरा.

*

शीला ही बिरू आणि कासाबाईची मुलगी. परभणीच्या कॉलेजात जनावरांची डॉक्टरकी शिकते, शेवटचं वर्ष. आईबाप वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागे फिरतात. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत शेताला, ज्वारी आपल्याला. चार दिवसांनी पुढचं शेत.

कॉलेजचा जर्मनीतल्या एका कॉलेजशी करार झाला. तिकडची एक मुलगी इकडे, इकडची एक तिकडे. तिकडून लेना येणार होती. तिला फिरत्या कळपाचा अभ्यास करायचा होता.

विभागप्रमुख दिनकरराव दिवाळीआधीच शीलाला म्हणाले, "तुझ्याच घरची गोष्ट आहे. दोन महिने पाहुणीला सांभाळ. जायची जागा तुझीच. फेब्रुवारीअखेर फक्त पासपोर्टचा नंबर दे."

शीलाने पासपोर्टचा अर्ज भरला. रकाना अकरा, कायमचा पत्ता: राणीसावरगाव. घर तेवढं एकच होतं. मग लेना आली, तिला घेऊन ती कळपावर गेली. अर्धा वेळ मोबाइल बंद, कारण चार्जिंग शेतमालकाच्या मोटारीवर, आणि तिथं वीज आली तर.

*

जानेवारीत पासपोर्टच्या चौकशीला पोलीस जमादार गावात आला. पुढचं शेजारच्या भागवतनं सांगितलं, तेही छाती फुगवून.

"बिरू हाय का?"

"दिवाळीलाच गेलाय की, मेंढ्याबरूबर."

"आन् पोरगी?"

"ती बी तिकडंच. जर्मनीची पोरगी आलीय साहेब, गोरीपान. तिला मेंढ्या दाखवायलीय. लय हुशार हाय आमची शीला."

"मग हितं राहतं कोण?"

"सध्या? कुणीच न्हाई. कुलूप दिसायलंय न्हवं."

भागवत एक शब्द खोटं बोलला नाही. जमादारानंही खोटं लिहिलं नाही. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

*

हे शीलाला कळलं तेव्हा फेब्रुवारीची दहा तारीख होती. ती बापाला घेऊन ठाण्यात गेली. बिरूनं रेशनकार्ड धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं.

"कुठं राहता, मामा?"

"आत्ता पोखर्णीच्या शिवारात हाव. परवा पुढं."

"हेच लिहू का? परवा पुढं?"

मागच्या टेबलावरचा हसला.

"साहेब, माझा आजा ह्याच वाटंनं गेला, बाप ह्याच वाटंनं गेला. कोणत्या पुनवंला कुणाच्या रानात, डोळं झाकून सांगतो. चुकलो तर मिशी काढा."

"मिशी ठेवा. वाटेला घरनंबर नसतो, मामा. पोरीला नवा अर्ज करायला लावा. दीड महिना धरा."

बाहेर आल्यावर बिरू म्हणाला, "माझ्यामुळं झालं का गं?"

"न्हाई आबा."

"मग कुणामुळं?"

शीलाने रेशनकार्ड पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

*

दिनकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला.

"जागा रिकामी गेली तर करार मोडेल. दोन देशांचे संबंध असतात बाई, माझ्या-तुझ्या हातात नसतं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन, सर."

"हो का?" ते म्हणाले. "चहा घे."

जागा राजनंदिनीला मिळाली. तिच्याकडे पासपोर्ट होता, दुबई बघून आलेली. तीही वाईट नव्हती. वसतिगृहात शीलाच्या खाटेवर येऊन बसली, वही काढली.

"ए शीला, मेंढ्यांचं थोडं सांगून ठेव ना. तिकडं विचारतील."

शीलाने सांगितलं. मेंढी कशी ओळखायची, खूर सडून खुरी आली की काय करायचं, कान का कातरतात. राजनंदिनीने चार पानं लिहिली.

*

निरोपाच्या समारंभात लेना इंग्रजीत बोलली. या लोकांनी मला शिकवलं, की घर म्हणजे भिंती नव्हेत. टाळ्या. फोटो. लेना शीलाच्या गळ्यात पडून रडली. खरंच रडली. तिने शीलासाठी आपल्या कॉलेजला पत्रही लिहिलं होतं. उत्तर आलं होतं: आम्हाला खेद आहे, नाव तुमचं कॉलेज ठरवतं.

तिचा प्रबंध एप्रिलमध्ये आला. मुखपृष्ठावर कासाबाई, चुलीपुढे. आत आभाराच्या पानावर शीलाचं नाव.

कासाबाईनं फोटो न्याहाळला. "चूल बरी आलीय," म्हणाली.

लेनाला कासाबाईनं एक मेंढी दिली होती, डावा कान कातरून. ती कळपातच आहे.

"तिला कोकरू झालं तर कळवायचं कुठं?" बिरूनं विचारलं.

शीलाला लेनाचा पत्ता पाठ होता. इमारत चौदा, तिसरा मजला, डावीकडचं दार.

"सांग की."

"नको आबा," ती म्हणाली. "मेंढ्या उठवा. ऊन व्हायलंय."

*

नोव्हेंबरात लेनाचा भारताचा व्हिसा नऊ दिवसांत आला होता. भारतातला पत्ता, या रकान्यात तिने लिहिलं होतं: बिरूचा कळप, गोदावरीकाठ, जिल्हा परभणी.