घमेलं खाली ठेवलं तो रविवार

मी एक जुनं घमेलं आहे, मित्रांनो, आणि जुनेपणाची मला तिळमात्र लाज नाही. माझ्या कडेला पोचे आहेत, बुडाला गंज आहे. ते सारं कष्टाने मिळवलेलं आहे.

कारखान्यात पत्र्यावर यंत्राचा दणका बसला आणि माझा जन्म झाला. जव्हारच्या बाजारात एका दुकानाबाहेर आमची उतरंड रचलेली होती. तिच्यातून गौराने मला उचललं, बोटांनी वाजवून पाहिलं आणि मैत्रिणीला, फागीला म्हणाली, "हे टिकंल."

गौरा जव्हारजवळच्या वांगणीची. स्वतःची जमीन नाही, म्हणून दिवाळी सरली की मजुरीला बाहेर पडायचं. तिच्यासोबत मी भिवंडी पाहिली, ठाणं पाहिलं. वाळू वाहिली, खडी वाहिली. ज्या इमारती आम्ही उभ्या केल्या, त्यांचा रखवालदार नंतर आम्हाला फाटकातही उभं करत नसे. मुकादम माझी तारीफ करायचे. घमेलं दणकट आहे म्हणायचे. मला पेलणारी मान दणकट आहे, असं कोणी म्हटलं नाही. पावसाळ्यात मी झोपडीमागे पालथा पडून असायचो, तेव्हा माझी आठवण फक्त कोंबड्यांना.

वर्षं गेली तशी गौरा मुकी होत गेली. कामावरून आली की कुडाला टेकून बसायची. फागी काही सांगायला आली तरी नुसतं "हं."

यंदा वांगणीपासून शेजारच्या वावर गावापर्यंत रस्त्याचं काम निघालं, म्हणून ती गावातच राहिली. पांड्या मुकादम होता. त्याच रस्त्यावर गावातली योगिता पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळायची. एक दिवस ती आमच्यापाशी थांबली.

"या रविवारी आपण सगळ्या बाया पळू. इथून वावरपर्यंत. नंबर नाय, बक्षीस नाय. दमली तिनं चालावं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गावातले वयस्कर तुळशीदास तिथेच उभे होते. ते म्हणाले, "बायांनी पळावं? शोभतं का हे?"

गौराच्या डोक्यावर मी होतो, खडीने काठोकाठ भरलेला. मान वळवता येईना, म्हणून ती अख्खी वळली.

"तुळशीदासदादा, डोक्यावर खडी घेऊन आमी दिवसभर चालतो, तवा कोणी शोभत नाय म्हणत नाय. रिकाम्या डोक्यानं पळालो तर काय बिघडलं?"

तुळशीदास टोपी सारखी करत वाटेला लागले. पांड्या मात्र गुरकावला, "रविवारी पण काम आहे. जी पळंल तिनं सोमवारी येऊ नये."

घरी जाताना फागीने विचारलं, "काम गेलं तर गं?"

"जाऊ दे. एक सकाळ तरी माझी असू दे."

रविवारी गौरा मला घेऊन थेट कामावर आली. मला वाटलं, भ्याली. पांड्यालाही तेच वाटलं असावं, कारण तो गालात हसला. गौराने मला त्याच्यासमोर पालथं ठेवलं आणि डोक्यावरची कापडाची चुंबळ माझ्यावर ठेवली. "काम पळून आल्यावर," ती म्हणाली. फागीने तिचं घमेलं शेजारी ठेवलं. मग तिसरीने, चौथीने. बघता बघता आमची रांग लागली. मला आयुष्यभर आपटलं होतं, फेकलं होतं. असं मानाने खाली कोणी ठेवलं नव्हतं.

बायांनी लुगडी खोचली आणि अनवाणी निघाल्या. मला धुळीखेरीज काही दिसलं नाही, पुढचं फागीच्या तोंडून ऐकलं. वावरकर हंडे भरून वाटेवर उभे होते. तिथल्या लेकीसुनाही पळायला लागल्या. म्हातारी धोंडीबाई गुडघे धरत सर्वांच्या मागून पोचली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या कशाला? पाणी द्या," ती म्हणाली, आणि हसून हसून एकदोघी रस्त्यावरच बसल्या.

ऊन चढल्यावर त्या परतल्या. आधी हसणं ऐकू आलं. त्यात एक आवाज मोठा होता, मोकळा होता, आणि मला तो ओळखता येईना. तो गौराचा होता. इतकी वर्षं तिच्या डोक्यावर बसून मी तो कधी ऐकला नव्हता.

सोमवारी पांड्याने पुढारी म्हणून एकट्या गौराला परत जायला सांगितलं. ती वळली, तशा सगळ्याच वळल्या. खडीचा ढीग तसाच आणि पांड्या एकटा. थोड्या वेळाने दुसरीकडे बघत तो म्हणाला, "या."

आता दर रविवारी बाया पळतात. मजुरी तीच आहे, माझं ओझंही तेच. पण गौरा संध्याकाळी फागीच्या अंगणात जाऊन बसते, आणि तिथून ओरडून धोंडीबाईला चिडवते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. बूड गळालं की खुशाल भंगारात द्या. पण ज्या मानेवर तुमचे रस्ते आणि तुमची घरं उभी राहिली, ती जपा. एक सकाळ तिच्यावर काहीही ठेवू नका. आणि ती पळत आली, तर वाट सोडा.