फिट असल्याचा दाखला

मी एक कागद आहे; डॉक्टरी तपासणीचा दाखला. १९७६च्या उन्हाळ्यात वाशीमच्या सरकारी दवाखान्यात टाइपरायटरवर माझा जन्म झाला. अंगावर इंग्रजीत चार ओळी, खाली सही आणि जांभळा शिक्का. चारही ओळींचं सार एका शब्दात होतं: फिट. वाशीमजवळच्या मालेगावचा पंजाबराव एसटीत कंडक्टर व्हायला धडधाकट आहे, एवढंच मला सांगायचं होतं.

माझी एक प्रत दफ्तरात गेली आणि मी पंजाबरावाच्या घरी आलो. त्याची आई केशरबाई मला ट्रंकेत ठेवायची, पण मी तिथे टिकायचो कुठे! जो येईल त्याच्यापुढे ती माझी घडी उलगडायची. "सरकारनं तपासलं पोराले," म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं. ती शिक्क्यावरून बोट फिरवायची. तिचा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण्यात गेला होता. असा कागद त्या घरात पहिलाच.

महिन्याभरात मंगरूळपीरहून ग्यानबा आला, आपल्या ललितासाठी स्थळ पाहायला. सोबत त्याचा मेहुणा पुंजाजी. पुंजाजी सातवीपर्यंत इंग्रजी शिकलेला, त्यामुळे कागदपत्रांत त्याचा शब्द शेवटचा. केशरबाईनं हौसेनं मला त्याच्या हातात दिलं.

त्यानं मला दूर धरलं, मग जवळ धरलं. एवढ्या अक्षरांत ओळखीचं एकच सापडलं. एफ, आय, टी. त्याचा चेहरा उतरला. अर्धा चहा खाली ठेवून तो ग्यानबाच्या कानाशी लागला. "कळवतो," म्हणून दोघं उठले.

कळवलं ते असं: पोराले फिट येते. सरकारनंच लिहून देलं.

गावात हे पसरायला एक बाजार पुरला. पंजाबराव पानठेल्याच्या बाकावर डुलकी घेत होता, तर कुणीतरी त्याच्या नाकाला कांदा लावला. तो चिडून उठला.

"मी फिट हाओ," तो म्हणाला.

"पाय, सोताच सांगून राह्यला," लोक हळहळले.

केशरबाईनं मला ट्रंकेच्या तळाशी घातलं. त्यानंतर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तिकडे काय घडलं, ते मला पुढे ललिताच्या तोंडून कळलं. तिनं पंजाबरावाला एका लग्नात पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता. ती बापाला म्हणाली, "बाबा, शिंपी म्हणते माहं झंपर फिट झालं. मंग झंपराले मिरगी आली काय?"

ग्यानबा विचारात पडला. पुंजाजी पडला नाही. "कापडाचं फिट येगळं. हे डॉक्टरचं फिट हाये. डॉक्टरपाशी बिमारीच अस्ते."

"मंग मामा, डॉक्टरलेच इचारा."

ग्यानबा, पुंजाजी आणि पंजाबराव मला घेऊन वाशीमला गेले. डॉक्टरांपुढे पन्नास रोगी होते. त्यांनी मला वाचलं, पुंजाजीचं म्हणणं ऐकलं. मग कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं: 'यांना फिट येत नाही.' खाली सही, शिक्का. पुंजाजीनं ते मोठ्यानं वाचलं. "आता कसं सरकारी बोलले," म्हणाला.

लग्न झालं. पंजाबराव आता मंगरूळपीरच्या गाडीवर असतो. त्या गाडीत पुंजाजी बसला की शेजारच्याला सांगतो, "हा आमचा भाचजावई. पयले फिट येत होती याले. म्याच पकडली. आता बंद हाये."

"तुमी काहून नाही बोलत?" ललिता विचारते.

"काय बोलू?" पंजाबराव म्हणतो. "तोंड उघडलं का तोच शब्द येते."

आम्ही दोन्ही कागद आता ट्रंकेत एकाच घडीत आहोत. मी म्हणतो, याला फिट समजा. तो म्हणतो, याला फिट नाही. दोघंही खरे, दोघांवर सही एकाच डॉक्टरची. उद्या तुमच्यापैकी कुणी ही ट्रंक उघडली, तर एवढं करा: आम्हाला एकमेकांपासून वेगळं करू नका. एकटा सापडलो, तर माझं काही खरं नाही.