गरम तेलात टांगलेली पट्टी

मी पोलादाची एक पट्टी बोलतेय. बोटभर लांब, दोन्ही टोकांना एकेक भोक. रस्त्यात पडले तर कुणी उचलणारही नाही.

नरडाण्याच्या एमआयडीसीत पितांबर नानांच्या वर्कशॉपमध्ये मला कापलं. पलीकडे गुजरातेत जमिनीखालून डांबरासारखं घट्ट तेल काढतात. खाली वाफ सोडून ते पातळ करावं लागतं. ते तापलेलं तेल ज्या पाइपातून वाहतं, त्याच्याच पोलादाची मी.

मला न्यायला ज्योत्स्ना आली. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, तेलाच्या प्लान्टवर गंज तपासणारी इंजिनीअर.

"जे पाइपले व्हई, तेच इले बी व्हई," नाना मला तिच्या हातात देत म्हणाले.

प्लान्टवर नेऊन तिनं मला काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोललं आणि पाइपाच्या वळणावर आत टांगलं.

आतलं कसं सांगू? कोट्यवधी वर्षं पृथ्वीच्या पोटात निजलेलं तेल काळंभोर, जड, अंगावर लोटत यायचं. सोबत खारं पाणी, वाळू, गंधकाचा वायू. माझं पोलाद कणाकणानं सुटत होतं. भीती वाटायची, पण त्याहून जास्त नवल वाटायचं. माणसानं इतक्या खोल वाफ पोचवली होती, आणि पाइपाच्या आतली खबर आणायला पाठवलं होतं मला.

दिवाळीच्या सुमारास बाहेर काढून मला पुन्हा तोललं, भिंगाखाली ठेवलं. वजन थोडंच घटलं होतं.

"ठीक आहे की," प्लान्टचे साहेब रतिलालभाई म्हणाले. "पुढच्या दुरुस्तीच्या शटडाउनपर्यंत चालेल."

ज्योत्स्नानं मला भिंगाखालून हलवलं नाही. "साहेब, वजन सगळ्या अंगाचं मिळून येतं. हा खड्डा बघा. गंज एकाच जागी खोल चाललाय."

"एका खड्ड्यासाठी लाइन बंद करू?"

"आधी वळणावरची जाडी मोजू. तोवर तिथे कुणी जायला नको."

त्या वळणापाशी चोपड्याचा समाधान ड्यूटीला असायचा. त्याला मागे बोलावलं. पाइपाला बाहेरून यंत्र लावलं. एका जागी आकडा इतका खाली उतरला, की रतिलालभाईंनी यंत्र स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजलं. मग लाइन बंद करायला सांगितलं.

कापून काढलेल्या पाइपाच्या तुकड्याची भिंत तिथे पुठ्ठ्याएवढी उरली होती. समाधाननं तिच्यावरून बोट फिरवलं.

"ताई, मी याच्याशेजारी बसून डबा खायचो," तो म्हणाला.

वापरलेली पट्टी पुन्हा आत सोडत नाहीत. आता मी शिंदखेड्यात, ज्योत्स्नाच्या घरी फळीवर असते. तिच्या आई बेबाबाई मला पदरानं पुसतात. "इतलीशी तर शे," म्हणतात आणि जपून जागेवर ठेवतात.

तिकडे नव्या पाइपात माझ्या जागी दुसरी पट्टी टांगलीय. ती बाहेर येईल तेव्हा नुसतं वजन करून तिला बाजूला टाकू नका. उजेडात धरा, निवांत बघा. ती आतून आलेली असेल. तिथे तुमच्यातलं कुणी जाऊ शकत नाही.