बायांचा चिखल

"पुतळे, फिर मागं! मीटिंग हाय!"

मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावरून चेअरमन हौसेरावानं अशी हाळी दिली, की खाडीत चरणाऱ्या फ्लेमिंगोंनीसुद्धा माना वर केल्या. पुतळा तेव्हा घोट्यापर्यंत चिखलात उतरली होती. कासोटा घट्ट, डोक्याला फडकं, काखेत पाटी. चैत्राचं ऊन असं तापलेलं, की ओल्या चिखलावर बघता बघता साय धरत होती.

"आत्ता? दादा, पानी उतरतंय, दिसत नाय का?"

"उतरतंय म्हनूनच बोलावतोय. होड्या बसल्यात, गडी मोकळे हायत."

हेच तर सगळं दुखणं होतं! करावे गावात ओहोटी लागली की होड्या चिखलात टेकतात आणि पुरुष मोकळे होतात. आणि त्याच ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणून बाया कामाला लागतात. कंबर मोडेपर्यंत वाकून खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, वेचायचे, बिळात हात घालून चिंबोरी ओढायची, आणि भरती यायच्या आत बाहेर पडायचं. तेव्हा बायांना हाक मारली तरी ऐकायला फुरसत नसते.

पण सोसायटी पुरुषांच्या फुरसतीनं चालायची, आजोबा-पणजोबांपासून.

मागच्या वर्षी सरकारनं नवा नियम आणला. सोसायटीच्या कमिटीत दोन बाया पाहिजेतच. बायांच्या कामाच्या जागेचं काही ठरवायचं तर दोघींचा होकार पाहिजे, आणि दोघींचं जुळलं नाही तर निर्णय कमिटीतल्या बाकीच्यांचा. बायांनी एकमुखानं पुतळाला उभी केली, कारण तिचा आवाज पार पाम बीच रोडपर्यंत जातो. दुसऱ्या जागेवर हौसेरावानं स्वतःची सून नमिता बसवली. नियमात आणखी एक ओळ होती. लागोपाठ तीन मीटिंगा चुकवल्या, तर खुर्ची गेली. पुतळाच्या दोन चुकल्या होत्या. दोन्ही वेळा ती चिखलात होती.

आणि आज विषय होता नव्या धक्क्याचा. होड्या लावायला काँक्रिटचा मोठा धक्का येणार, आणि तो घालायचा कुठं, तर जिथं बाया खुबे वेचतात नेमका तिथं! "तिथं कोनाचं काय हाय?" असं हौसेराव गावभर सांगत सुटला होता. देवळाच्या अंगाला जागा होती, पण तिथं गावच्या पुरुषांच्या गाड्या लागायच्या.

म्हातारी राहीबाई पुढं गेलेली थांबली. "जा गो पुतळे. एक दिवस गेला तर गेला. चिखल गेला तर काय खाशील?"

पुतळानं पाटी राहीबाईकडं दिली, पाय धुतले आणि ओटा चढून सोसायटीच्या हॉलकडं निघाली. पाणी उतरतच होतं. सगळ्या बाया पुढं, आणि ती एकटी उलट दिशेला.

मीटिंग काही सुरू होईना. मत्स्य खात्याच्या वैशाली मॅडम यायच्या होत्या, त्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या. पुरुषांनी चहा मागवला, पुन्हा मागवला. कुणी घोरायला लागला. पंखा नुसता घुंघुं करत होता. पुतळा खिडकीशी बसून बघत होती. लांब चिखलात बायांची फडकी हलत होती, लाल, पिवळी, हिरवी. उठून जावं तर खुर्ची जाते, बसून राहावं तर दिवस जातो. खुब्याच्या शिंपल्यात बोट अडकावं तसं झालं होतं तिचं.

"पुतळे, चहा घे. आता तू कमिटीवाली," कुणीतरी बोललं.

"चहा प्यायला आले नाय मी."

"मंग काय बिर्यानी मागवू?" सगळे खो खो हसले. नमितानंही मान खाली घालून ओठ दाबले. ती हसली की काय केलं, ते कळलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा भरती लागून गेली होती. पाणी खळखळत आत शिरत होतं, आणि आता मात्र पुरुषांना चैन पडेना. होड्या तरंगायच्या वेळेला कोण बसून राहतो!

"मॅडम, झटपट घ्या," हौसेराव म्हणाला. "धक्का खाजणाच्या बाजूला, त्या चिखलात. सगळ्यांना मान्य."

"मला नाय," पुतळा म्हणाली.

"अगं, पाच मिन्टांचं काम हाय!"

"तुमचं पाच मिन्टांचं. मी सकाळपासून बसलेय." आणि पुतळा जी सुरू झाली ती थांबेचना! कुठल्या चिखलात खुबे, कुठल्यात चिंबोऱ्या, कोणाची पोरगी त्या खुब्यांवर कॉलेजला गेली, कोणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन त्या चिंबोऱ्यांवर झालं, सगळं सांगत सुटली. बाहेर होड्या डुलायला लागल्या. एकेक गडी चुळबुळत उठला, टोपी घातली, बसला, पुन्हा उठला.

"आवर गो बाई, पानी भरलं!"

"बघा! तुमचं पानी आलं की तुमाला कसं होतं? मला सकाळी तसंच झालेलं."

वैशाली मॅडमनी हात वर केला. बाई तशी भली. "पुतळाताई, तुमचं पटतंय मला. धक्क्याचं पुढच्या मीटिंगला घेऊ, आणि ती तुमच्या सोयीनं ठेवू. बोला, तुम्ही मोकळ्या कधी असता?"

पुतळा बोटांवर मोजायला लागली.

ओहोटीला चिखल. भरतीला सीवूड्सच्या स्टेशनबाहेर विक्री. संध्याकाळी रांधणं. सकाळी पाणी, धुणं, सासूची औषधं. ती मनातल्या मनात दिवस चाचपत गेली. घरभर चावी शोधावी तशी वेळ शोधली. कुठंच नव्हती. सरकारनं पहिल्यांदा तिला एवढं साधं काहीतरी विचारलं होतं, आणि तिच्याकडं उत्तर नव्हतं! डोळ्यांत टचकन पाणी आलं तिच्या.

"बघा मॅडम," हौसेराव हसला. "हिलाच ठाव नाय."

"भांगाला ठेवा," पुतळा एकदम म्हणाली.

अष्टमीच्या आसपास खाडीचं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, ते भांगाचे दिवस. होड्यांना जोर नाही, चिखल पुरता उघडत नाही. कोणालाच फारसं काम नाही.

"भांगाला?" सगळे एकदम ओरडले. "तो आमचा आरामाचा दिवस! पत्ते, पावने, जेवनखान..."

"तुमचे पावने आमीच रांधतो ना? त्या दिवशी चूल तुमी सांभाळा."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तारीख मी बदलून देते, ताई. चूल काही माझ्या हातात नाही."

भांगाचा दिवस आला, आणि पुतळाचा नवरा शिवा यानं कोपरखैरण्याचे पाहुणे जेवायला बोलावले. मुद्दाम नव्हे. भांग म्हटलं की पाहुणे, एवढंच त्याला ठाऊक. पुतळानं पहाटे उठून चिंबोऱ्यांचं कालवण केलं, भात लावला, तांदळाच्या पिठाची उकड काढून झाकून ठेवली. "भाकऱ्या आल्यावर टाकते," म्हणाली आणि निघाली.

मॅडम या वेळी वेळेवर आल्या, पण हौसेराव पक्का होता. आधी मागच्या सहलीचा विषय काढला, मग गणपतीचा, मग ओट्याच्या रंगाचा. धक्का शेवटी. पुतळाचा फोन वाजायला लागला. तिनं कट केला. पुन्हा वाजला.

"घे गो, बाहेर जाऊन घे," हौसेराव गोड बोलला. "तवर आमी बघतो."

तिनं फोन पदराखाली दाबला. तर दारात शिवाच उभा! बनियनवर, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात.

"भाकरी थापता येईना," तो म्हणाला. "पावने बसलेत ताटावर. चल ना गो."

सगळा हॉल फुटून हसला. शिवा लाल झाला. पुतळाही झाली. जाऊ नये तर घराची लाज, जावं तर चिखल. ती उभी राहिली, पण दाराकडं गेली नाही. तिनं हात वर केला.

"दादा, धक्क्याचं आत्ता घ्या. माझा नकार."

"घाई काय हाय?"

"तुमाला नाय. मला हाय."

मॅडम म्हणाल्या, "घ्या." हौसेरावानं हळूच सुनेकडं पाहिलं. "नमिता, तुझा होकार हाय ना?"

नमितानं पदराच्या टोकाला गाठ मारली. मग म्हणाली, "मामा, मी पन घरी उकड झाकून आलेय." आणि तिनं हात वर केला. "नको. बायांच्या चिखलात धक्का नको."

हौसेरावानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मॅडमनी लिहून घेतलं, धक्का देवळाच्या बाजूला.

पुतळा जवळपास धावतच घरी पोचली. मागं शिवा, पिठाचे हात अंगापासून लांब धरून. पाहुणे पुढच्या खोलीत, वाट बघून बघून कांदा चावत बसलेले. तिनं तवा चढवला, पहिली भाकर टाकली. मीटिंगमध्ये काय झालं, हे कोणी विचारलं नाही. "जरा उशीर झाला हां," एवढं मात्र कोणीतरी म्हणालं.

मागच्या दारात राहीबाई येऊन उभी राहिली. धावत आलेली, दम लागलेला.

"काय झालं गो?"

"चिखल राहिला," पुतळा कुजबुजली.

"मोठ्यानं बोल ना. घसा बसला काय तुझा?"

पुतळानं पुढच्या खोलीकडं बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि पार पाम बीच रोडला ऐकू जाईल असं ओरडली, "चिखल राहिला! बायांचा चिखल राहिला!"

पुढच्या खोलीतले हात ताटांवर थांबले.

मग शिवा म्हणाला, "भाकर करपते गो."

आणि ती खरंच करपत होती.